ध्रुवीय क्रूझसाठी नेमका महिना कोणता धरावा? (अंटार्क्टिका, साउथ जॉर्जिया, स्वालबार्ड)

दक्षिणायन

"अंटार्क्टिकाला कधी जावं?" असं कुणी विचारलं की "डिसेंबर-जानेवारी, तेव्हा तिथे उन्हाळा असतो" एवढंच उत्तर मिळतं. उत्तर चूक नाही, पण माणशी काही लाख रुपये त्यावर लावावेत इतकं पुरेसंही नाही. म्हणून हा धागा. ज्यांना हा भाग नीट ठाऊक आहे त्यांनी भर घालावी, फक्त शक्य तितकं नेमकं लिहावं.

पर्यटकांची बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून सुटतात, बीगल खाडीतून बाहेर पडून ड्रेक पॅसेज ही सामुद्रधुनी ओलांडतात आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला लागतात. हंगाम ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर. त्यानंतर समुद्र गोठायला लागतो.

महिना निवडताना लोक आधी तापमान बघतात. ते बघून काही ठरत नाही. द्वीपकल्पावर नोव्हेंबरात पारा शून्याच्या जरा खाली, जानेवारीत शून्य ते ५ अंश. एवढा फरक एका जास्तीच्या थराने भरून निघतो. खरा फरक चार गोष्टींत पडतो: समुद्रातला बर्फ किती सुटलाय, पेंग्विन कोणत्या टप्प्यावर आहेत, देवमासे पोचलेत का आणि उजेड कसा आहे. या चारही गोष्टी एकाच आठवड्यात उत्तम असं कधीच होत नाही. त्यामुळे काय सोडायला तयार आहात ते आधी ठरवा, महिना त्यावरून निघेल.

उजेडाचं गणित लगेच देतो. ६५ अंश दक्षिणेला १ नोव्हेंबरला दिवस साधारण १७ तासांचा, २१ डिसेंबरला २१ ते २२ तासांचा, १ फेब्रुवारीला १८ तासांचा आणि १ मार्चला साडेचौदा तासांचा. फोटोग्राफी करणाऱ्यांनी डिसेंबरच्या 'भरपूर उजेडा'वर भाळू नये. त्या दिवसांत सूर्य क्षितिजाजवळ रेंगाळतो तो रात्री अकरा ते पहाटे तीनच्या दरम्यान, आणि त्या वेळी जमिनीवर उतरणं नसतं. फेब्रुवारीअखेरीस तोच तिरपा, पिवळसर प्रकाश संध्याकाळच्या फेरीत किंवा जेवणाच्या वेळी डेकवरून मिळतो.

टिटवी

पेंग्विनांचं मी लिहिते. 'पेंग्विन बघायचेत' ही इच्छा फार मोघम आहे. काय बघायचंय, घरटं, अंडं, पिल्लू की पिसं झडलेला पक्षी? प्रत्येकाचा आठवडा वेगळा.

द्वीपकल्पावर जातीच तीन: जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वसाहती नुकत्या भरलेल्या असतात. जोड्या जमतात, मान वर करून ओरडणं चालू असतं आणि खड्यांची ने-आण होते. जेंटूचं घरटं म्हणजे खड्यांची रास. खडे बर्फाखाली गाडलेले असल्यामुळे शेजाऱ्याच्या घरट्यातून उचलायचे प्रकार फार. नर एक खडा चोचीत धरून येतो, मादीसमोर वाकून ठेवतो, ती तो चोचीने फिरवून बसवते, तोवर मागच्या बाजूने दुसरा कुणी एक खडा पळवतो. हे बघायला नोव्हेंबरसारखा महिना नाही.

अडेली नोव्हेंबरच्या पहिल्या भागात अंडी घालतात, जेंटू आणि चिनस्ट्रॅप महिन्याच्या उत्तरार्धात. उबवायला ३५ दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे डिसेंबरचे पहिले तीन आठवडे पक्षी घरट्यावर बसून असतात. हालचाल कमी, पण आईबापांची पाळी बदलताना थांबून बघितलंत तर अंडं दिसतं. पिल्लं नाताळच्या सुमाराला फुटायला लागतात, अडेलींची थोडी आधी. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पोटाखालून डोकावणारी राखाडी पिल्लं, जानेवारीअखेरीस त्यांची पाळणाघरं (म्हणजे एकत्र जमलेल्या पिल्लांचे घोळके), फेब्रुवारीत आईबापांच्या मागे घास मागत पळणारी मोठी पिल्लं.

आता न सांगितली जाणारी गोष्ट. अडेली फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणांहून निघून जातात. फेब्रुवारीअखेरीची सफर घेऊन "तिन्ही जाती बघू" असं धरून चालू नका. मार्चच्या सुरुवातीला चिनस्ट्रॅपही विरळ होतात. जेंटू मात्र शेवटपर्यंत असतात.

आणि एम्परर पेंग्विन या नेहमीच्या मार्गावर नसतातच. ते हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावर अंडी घालतात. त्यांची पिल्लं बघायची तर वेडेल समुद्रातल्या स्नो हिल बेटाकडे हेलिकॉप्टर असलेल्या जहाजाने, तेही ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, आणि तिथे पोचण्याची हमी कुणी देत नाही. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर एम्परर आणि आत साधी दहा दिवसांची सफर असेल तर आधी तेवढं विचारून घ्या.

सातपाटीकर

टिटवीताईंच्या प्रतिसादाला समुद्राची बाजू जोडतो.

नोव्हेंबरात द्वीपकल्प अजून अर्धा बंद असतो. लेमेर खाडी ही सगळ्यांना हवी असते, दोन्ही बाजूंना सरळ उठलेले कडे आणि मध्ये अरुंद पाणी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती तरत्या बर्फाने तुंबलेली असण्याची शक्यता बरीच. कप्तान तोंडापर्यंत जातो, बघतो आणि वळतो. जानेवारी-फेब्रुवारीत ती बहुधा मोकळी मिळते, तरी वाऱ्याने बर्फ आत ढकलला तर तेव्हाही बंद होऊ शकते.

अंटार्क्टिक वृत्त, म्हणजे ६६ अंश ३३ मिनिटं दक्षिण, ओलांडायचं असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात हाच काळ धरा. क्रिस्टल साउंड, डेटाय बेट, द गलेट ही ठिकाणं त्याआधी बर्फाखाली असतात. त्यातही जहाज वृत्ताची रेघ ओलांडून लगेच माघारी आणणारं नको. १२ ते १४ दिवसांची सफर घ्या, म्हणजे खाली दोन दिवस तरी मिळतात.

घरबसल्या तपासायची एक रीत आहे. नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडायचं, आपल्या सफरीच्या तारखा टाकायच्या आणि मागची चार-पाच वर्षं त्याच तारखांची उपग्रहचित्रं बघायची. एका दिवशी ढग असतात, म्हणून मागेपुढे आठ-दहा दिवस सरकवून बघावं लागतं. ब्रेमेन विद्यापीठाचे समुद्र-बर्फाचे रोजचे नकाशेही फुकट आहेत, त्यांना ढगांचा अडथळा होत नाही, पण अरुंद खाड्या त्यात दिसत नाहीत. दोन्ही ताडून बघितलं की कंपनीचा माणूस "शक्यता चांगली आहे" म्हणतो त्याचा अर्थ आपला आपल्याला कळतो.

नंदादीप

फार उपयोगी चाललाय धागा. आम्हाला मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळात जमेल. २०२६ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. सोबत ७०च्या पुढचे आईबाबा आहेत. दोन्हीपैकी काय? आणि ड्रेक कोणत्या महिन्यात शांत असतो?

दक्षिणायन

@नंदादीप, आईबाबा सोबत असतील तर दिवाळीची सफर मी तरी सुचवणार नाही. कारण थंडी नाही, पायाखालचा बर्फ. नोव्हेंबरात किनाऱ्यावरच दोन-तीन फूट बर्फ असतो. मार्गदर्शक आधी उतरून फावड्याने पायऱ्या कापतात आणि वाट तुडवून घेतात, पण तीस-चाळीस माणसं गेल्यावर दुपारच्या उन्हात ती वाट मऊ होते. एक पाय गुडघ्यापर्यंत आत, दुसरा वर, असं होऊन गुडघे पिरगळतात. (आणि असा खड्डा पडला तर तो लगेच बुजवायचा. पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही.)

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत किनारा उघडा पडतो. तिथे गोटे असतात, शेवाळ असतं, विष्ठेने निसरडं झालेलं असतं, पण काठी टेकता येते आणि पाय कुठे पडतोय ते दिसतं. ज्येष्ठांना हे जास्त सोपं. ज्यांना चालणंच नको त्यांनी रबरी बोटीतून फेरी मारावी, ती दिवसातून एकदा तरी बहुधा असते. पण त्यासाठी जहाजाच्या शिडीवरून खाली उतरून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. खलाशी आपलं मनगट धरतो, आपण त्याचं. तळहातात तळहात नाही, मनगटाला मनगट. हे घरी दोन-चार वेळा करून बघा, आणि जिना उलटसुलट चढता-उतरता येतो का तेही बघा.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा भाड्याच्या दृष्टीने सर्वांत महाग आणि सर्वांत आधी भरतो. त्याच जहाजाच्या त्याच खोलीला नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत किंवा मार्चात बरंच कमी पडतं. मुलांची शाळा जानेवारीत दहा दिवस बुडवता येत असेल तर १० जानेवारीनंतरची फेरी बघा. पिल्लं मोठी, बर्फ मोकळा, भाडं शिखरावरून उतरायला लागलेलं. लहान मुलांसाठी कंपनीची किमान वयाची अटही विचारा, ती जहाजागणिक बदलते.

सातपाटीकर

ड्रेकचं: कोणताही महिना 'शांत' म्हणून विकत घेऊ नका. केप हॉर्नच्या दक्षिणेला पश्चिमेकडून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत असतात, त्यांना अडवायला जमीन नाही. डिसेंबर-जानेवारीत वादळं किंचित सौम्य, मार्चअखेर जास्त, एवढंच म्हणता येईल. ओलांडायला ३६ ते ४८ तास लागतात आणि त्या दोन दिवसांत पट्टा येतो की नाही यावर सगळं. निघायच्या तीन-चार दिवस आधी विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर लाटांची उंची बघा. २ ते ३ मीटर असेल तर उत्तम, ४ ते ५ असेल तर बोट लागणाऱ्यांना त्रास होणार, ७-८ असेल तर डेक बंद आणि बहुतेक जण खोलीत आडवे.

बोट लागण्यावर उपाय लाटांत शिरण्याआधी करायचा असतो. बीगल खाडीत पाणी संथ असतं, तेव्हाच गोळी घेऊन झोपावं. उलटी सुरू झाल्यावर पोटात गेलेली गोळी टिकत नाही. अव्होमिन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तिने झोप फार येते. मेक्लिझिनने तुलनेने कमी. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी परिणामकारक आहे, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती चालत नाही, म्हणून ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी. बाल्कनीची वरची महागडी खोली ड्रेकमध्ये सर्वांत जास्त झुलते.

ज्यांना ड्रेक नकोच त्यांच्यासाठी चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत विमान आहे, दोन तासांचं. तिथली धावपट्टी खडीची, आणि ढग खाली आले की विमान उतरत नाही. एक-दोन दिवस खोळंबा धरूनच परतीचं तिकीट काढा. जाताना खोळंबा झाला तर तेवढे दिवस सफरीतूनच कापले जातात.

पाणकणीस

देवमाशांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझं मत: ज्याला देवमासे हवेत त्याने फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच जावं, बाकी सगळं दुय्यम धरून.

हंपबॅक डिसेंबरपासून दिसायला लागतात, पण ते उष्ण पाण्यातून हजारो किलोमीटर येऊन क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खायला लागलेले असतात आणि विखुरलेले असतात. हंगाम सरकत जातो तसे ते विल्हेल्मिना बे, फोइन हार्बर अशा आतल्या उपसागरांत गोळा होतात. बर्फ मागे हटल्यामुळे क्रिलही आत आलेलं असतं. मार्चच्या सुरुवातीला पोट भरलेले देवमासे पाण्यावर ओंडक्यासारखे झोपलेले असतात आणि रबरी बोटीचं इंजिन बंद ठेवून थांबलं तर श्वासाचा फवारा अंगावर येईल इतक्या जवळ स्वतःहून येतात. त्या वासाची तयारी ठेवा, सडलेल्या सुकटीसारखा असतो.

याची किंमत काय? जमीन तेव्हा देखणी नसते. पेंग्विनांच्या वसाहतींतला बर्फ क्रिलयुक्त विष्ठेने गुलाबी आणि तपकिरी झालेला, खाली चिखल. वरच्या उतारांवर लाल आणि हिरवं शेवाळ बर्फावर उगवलेलं. स्वच्छ पांढऱ्या बर्फाचे फोटो हवे असतील तर ते नोव्हेंबरातच.

टिटवी

पाणकणीस यांच्याशी सहमत, फक्त एक भर. फेब्रुवारीत फर सीलचे तरुण नर द्वीपकल्पाच्या किनाऱ्यांवर येऊन पसरतात आणि गोट्यांत मिसळून जातात. ते चावरे असतात. चालताना मार्गदर्शकाने लाल झेंड्यांनी आखलेली वाट सोडायची नाही. पेंग्विनांपासून किमान ५ मीटर अंतर, फर सीलपासून त्याहून जास्त.

जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पाठपिशवी खाली ठेवणं बंद आहे. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३मध्ये साउथ जॉर्जिया या दक्षिण अटलांटिकातल्या बेटावर आणि फेब्रुवारी २०२४मध्ये द्वीपकल्पावर सापडला, त्यानंतर हे नियम कडक झाले. कॅमेऱ्याची तिकाटणीही (ट्रायपॉड) बहुतेक वेळा नाही म्हणतात. गुडघ्यावर बसून पेंग्विनाच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढायचा बेत असेल तर कॅमेरा खाली धरून, पडदा वर वळवून काढायची सवय आधीच करा.

प्रत्येक उतरण्याआधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात. पहिल्याच दिवशी जॅकेटचे खिसे, वेल्क्रो आणि पिशव्यांचे कोपरे व्हॅक्यूमने साफ करून घेतात. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं कुसळ चिमट्याने काढताना अर्धा तास सहज जातो. घरून निघतानाच ट्रेकिंगच्या पँटा उलट्या करून झटकून घ्या.

नंदादीप

मग जहाज मोठं की छोटं, याचा महिन्याशी काही संबंध?

दक्षिणायन

आहे. आयएटो या अंटार्क्टिका सफरी चालवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी १००च प्रवासी जमिनीवर उतरू शकतात, आणि ५००हून जास्त प्रवासी असलेलं जहाज कुणालाच उतरवत नाही, ते फक्त 'दर्शन' देऊन परततं. शंभराच्या आतलं जहाज सगळ्यांना एकदम उतरवतं. १८०-२००चं जहाज दोन गट करतं, एक जमिनीवर, एक रबरी बोटींत, मग अदलाबदल. एका बोटीत साधारण १० जण.

आता महिन्याशी संबंध. डिसेंबरात उजेड २२ तासांचा असल्यामुळे मोठ्या जहाजाला दुसरी-तिसरी फेरी रात्री नऊपर्यंत करता येते. मार्चात अंधार लवकर, त्यामुळे दोन गटांना घाई होते. उशिराच्या हंगामात जाणार असाल तर लहान जहाजाचा फायदा जास्त जाणवतो.

आणि दिवस मोजताना फसू नका. '११ दिवसांची सफर' म्हणजे पहिला दिवस संध्याकाळी चढणं, शेवटचा सकाळी उतरणं, मध्ये जाता-येता ड्रेकचे चार दिवस. द्वीपकल्पावर पाचच दिवस. दिवसाला दोन याप्रमाणे दहा उतरणी कागदावर, त्यातल्या दोन-तीन वारा खाणारच. वारा २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४५ किमी) पुढे गेला की रबरी बोटी उतरवत नाहीत.

गलबत

साउथ जॉर्जियाचं कॅलेंडर वेगळं आहे, ते इथे मिसळू नका.

तिथे किंग पेंग्विन आहेत, आणि त्यांचं एक पिल्लू वाढवण्याचं चक्र वर्षाहून मोठं, १४ ते १६ महिन्यांचं. त्यामुळे कोणत्याही महिन्यात गेलात तरी पिल्लं असतातच. सेंट अँड्र्यूज बेमध्ये दीड लाखाच्या आसपास जोड्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेल्या वर्षीची तपकिरी लोकरीत गुंडाळलेली पिल्लं आईबापांएवढी मोठी असतात.

हत्ती-सीलच्या नरांची झुंज बघायची तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मोठे नर समुद्रात निघून जातात आणि मागे दूध तुटलेली गोलमटोल पिल्लं उरतात. बर्ड फ्लूमुळे हत्ती-सीलच्या माद्या बऱ्याच घटल्या आहेत, हेही लक्षात ठेवून जा. डिसेंबर ते मध्य जानेवारी फर सीलचा वीणकाळ. किनारे इतके भरतात की काही ठिकाणी उतरायला जागाच राहत नाही आणि नर अंगावर येतात. साउथ जॉर्जियासाठी डिसेंबर निवडणं ही सर्रास होणारी चूक आहे. म्हणून फॉकलंड, साउथ जॉर्जिया आणि द्वीपकल्प अशी २० ते २३ दिवसांची सफर घ्यायची तर एक तर नोव्हेंबर, नाही तर जानेवारीअखेरनंतर.

तिथे उंच डोंगरांवरून वारा अचानक खाली कोसळतो. सकाळी आरसा असलेला उपसागर अर्ध्या तासात पांढरा होतो. त्यामुळे साउथ जॉर्जियात चार दिवस असलेली सफर घ्या, तीनची नको.

क्षितिज७८

मेची सुट्टी कुणी विचारली नाही अजून, पण विचारली जाईलच. मेमध्ये अंटार्क्टिका बंद. तेव्हा उत्तर ध्रुवाकडे, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्डला जाता येतं. लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला. मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट.

मेच्या मध्यात तिथे अजून हिवाळ्याचा बर्फ आहे. डोंगर पूर्ण पांढरे, फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीच्या) आतल्या टोकाला किनाऱ्याला धरून गोठलेला बर्फ. त्यावर सील आणि सीलमागे अस्वल, म्हणून हा काळ चांगला मानला जायचा. पण १ जानेवारी २०२५पासून नियम बदललेत आणि जुनी प्रवासवर्णनं वाचून जाणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. हा किनाऱ्याला धरलेला बर्फ जहाजाने फोडायला आता बंदी आहे. ध्रुवीय अस्वलापासून १ मार्च ते ३० जून ५०० मीटर आणि १ जुलै ते फेब्रुवारीअखेर ३०० मीटर अंतर ठेवावंच लागतं. संरक्षित भागात २००हून जास्त प्रवाशांचं जहाज नाही, आणि तिथे उतरणं ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच.

५०० मीटरवरचं अस्वल मोबाइलच्या फोटोत पिवळसर ठिपका असतं. ८ बाय ४२ची दुर्बीण प्रत्येकाला एक, एकात दोघं नाही. कॅमेऱ्याला ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स. अस्वलासाठीच जात असाल तर जुलै धरा, सुट्टी जुळत नसली तरी.

स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गन या मुख्य बेटाला पूर्ण वळसा घालायची सफर मध्य जुलै ते ऑगस्टअखेर. त्याआधी उत्तर-पूर्वेला बर्फ अडवतो. पण अल्केफ्येलेटच्या कड्यावरचे गिलेमॉट पक्षी, साठ हजारांच्या आसपास जोड्या, मध्य ऑगस्टपर्यंत निघून जातात. पिल्लं जुलैअखेरीस कड्यावरून उडी मारतात, उडता येत नसताना, आणि बाप खाली पाण्यात वाट बघत असतो. ते बघायचं असेल तर २० जुलै ते ५ ऑगस्ट. जुलैत धुकं मात्र जास्त.

सप्टेंबर हवा असेल तर पूर्व ग्रीनलंडचा स्कोर्सबीसुंड बघा. तिथला बर्फ जुलैच्या मध्यानंतरच मोकळा होतो. सप्टेंबरात खुरट्या झुडपांना लाल-केशरी रंग चढतो, रात्री पुन्हा अंधार होतो आणि आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. मे-जूनमध्ये उत्तरेला जाऊन ध्रुवीय प्रकाशाची अपेक्षा धरू नका, रात्रच नसते.

उन्हाळीसुट्टी

माझा प्रश्न भारताच्या तळांबद्दल. अंटार्क्टिकात मैत्री आणि स्वालबार्डला हिमाद्री आहे ना? या सफरींत दिसतात का?

क्षितिज७८

हिमाद्री नी-ऑलेसुंडला आहे, २००८पासून, आणि पश्चिम किनाऱ्याच्या बऱ्याच सफरी नी-ऑलेसुंडला थांबतात. इमारत बाहेरून दिसते, आत जाता येत नाही. गावात मोबाइल विमान-मोडवर, वायफाय आणि ब्लूटूथ बंद. तिथल्या उपकरणांना रेडिओ लहरींचा अडथळा होतो. स्मार्ट घड्याळही त्यात आलं, ते जहाजावरच ठेवा.

दक्षिणायन

मैत्री आणि भारती दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर. मैत्री १९८९ची, भारती २०१२ची. या सफरींची जहाजं तिकडे जात नाहीत. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला पोचली. त्यांनीही हाच काळ निवडला, कारण बर्फ सर्वांत मागे हटलेला असतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. अंटार्क्टिक मोहिमा चालवणारी संस्था आजही गोव्यात वास्कोला आहे.

गलबत

व्हिसाचं राहिलं, आणि तारखा त्यावरच अडतात.

स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून तिथे गेलात की शेंगेन सोडलं, परत आलात की पुन्हा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना अडकता. अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा मागा आणि जहाजाचं बुकिंग सोबत जोडा. अर्जेंटिनासाठीही अनेक प्रवेश असलेला बरा. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना नियम सोपे आहेत, पण ते बदलत असतात. पैसे भरण्याआधी दूतावासाचं पान वाचा.

शेवटच्या क्षणी उशुआइयात जाऊन स्वस्तात जागा मिळवायची, हा युरोपीय पाठपिशवीवाल्यांचा मार्ग. आपल्या पासपोर्टवर तो सहसा जमत नाही. साधारण १२ ते १८ महिने आधी बुकिंग करा. तेव्हा जोडीने न जाणाऱ्यांना खोली वाटून घ्यायची सोयही मिळते.

ब्युनोस आयर्सला आंतरराष्ट्रीय विमान एझेइसा विमानतळावर उतरतं आणि उशुआइयाची बरीच विमानं शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. मध्ये पाच-सहा तास राखून ठेवा. देशांतर्गत तिकिटावर सामान बऱ्याचदा १५ किलोच. जड जॅकेट अंगावर घाला. जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी उशुआइयात पोचा, कारण बॅग मागे राहिली तर ती यायला एक दिवस लागतो आणि जहाज थांबत नाही.

विम्यात 'अंटार्क्टिका' हा शब्द लिहिलेला आहे का ते बघा. बऱ्याच साध्या प्रवासविम्यांतून तो वगळलेला असतो. आजारी माणसाला विमानाने हलवण्याची किमान रक्कम जहाज कंपनी कळवते, तेवढी पॉलिसी नसेल तर चढू देत नाहीत.

नंदादीप

सगळ्यांचे आभार. आईबाबांशी बोलून जानेवारीचा तिसरा आठवडा ठरवतोय. वरणभात, बिनकांद्या-लसणाचं जेवण याचं काय होतं?

टिटवी

बुकिंगच्या अर्जात लिहा आणि निघण्याच्या दोन महिने आधी पुन्हा इमेल करा. उशुआइयात माल भरल्यावर वाटेत दुकान नाही, त्यामुळे ऐनवेळी सांगून काही होत नाही. शाकाहारी मिळतं. जैन किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर एकेक पदार्थ लिहून द्या, नुसतं 'जैन' लिहून तिथल्या स्वयंपाक्याला कळत नाही. कोरडी चटणी, मेतकूट, खाकरा हे सीलबंद पाकिटांत खोलीत ठेवा. मात्र खायचं कोणतंही सामान जमिनीवर न्यायला बंदी आहे, अगदी खिशातली सुपारीसुद्धा. आणि बी किंवा धान्य सुटं नेऊ नका, अर्जेंटिनाच्या विमानतळावरच काढून घेतात.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जेंटूंची पाळणाघरं नुकती लागायला लागलेली असतील. क्युव्हरव्हिल बेट किंवा नेको हार्बरला उतरलात तर आईबाबांना वर चढायला लावू नका, खालीच एका जागी अर्धा तास उभं राहू द्या. पिल्लं आपणहून जवळ येतात. फक्त नेकोला पाण्याच्या काठावर थांबायचं नाही. समोरची हिमनदी तुटली की लाट मिनिटभरातच किनाऱ्यावर चढते.